मल्टिकॅम शूटचा टाइमकोड जुळत नाही: डबीवर खापर फोडण्याआधी

"टाइमकोड लावला होता, तरी सिंक बसत नाही." लग्न-जत्रांच्या हंगामात हा फोन मला आठवड्याला एक तरी येतो. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला मिळणारा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा आकडा; त्यावरून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे आणि आवाज एकमेकांशी जुळवतात, तेच सिंक. तोवर समोरच्याने दोन कामे उरकलेली असतात: टाइमकोड पुरवणाऱ्या डबीला शिव्या घालून झालेल्या असतात, आणि टाइमलाइनवर क्लिपा हाताने सरकवून कशाबशा जुळवलेल्या असतात. शिव्यांचे काही नाही. पण क्लिपा सरकवल्या की मूळ चूक किती होती, कुठून सुरू झाली, हे कळायची सोय राहत नाही. म्हणून मी पहिल्यांदा हेच सांगतो की सरकवलेले सगळे बाजूला ठेव, नवी टाइमलाइन उघड, क्लिपा नुसत्या टाइमकोडवर टाक आणि जशा पडतील तशा पडू दे. मग मोज.

डबी म्हणजे टाइमकोड पुरवणारा काडेपेटीएवढा बॉक्स. टेंटॅकल असो, डेइटी असो, आमच्याकडे सगळ्यांचे नाव डबीच.

मोजायचे काय, तर शूटच्या सुरुवातीला चूक किती, मध्यावर किती आणि शेवटाला किती. आकडे कायम सारखे असतील तर आजार वेगळा, हळूहळू वाढत असतील तर वेगळा, आणि मध्येच उडी मारत असतील तर आणखी वेगळा. हे शहाणपण मला एका रात्रीत आले, कारण त्या रात्री हे सगळे आजार एकदमच झाले होते.

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गावातली जत्रा. दशावतारी नाटक पहाटेपर्यंत चित्रित करायचे होते. तीन कॅमेरे: एक समोर मांडवाच्या मध्यावर, एक पेटी-पखवाजवाल्यांच्या अंगाला, आणि तिसरा मागे देवळाच्या कट्ट्यावर, सगळा रंगमंच एका चौकटीत घेणारा. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. डब्या दोनच होत्या. एक समोरच्या कॅमेऱ्याला, दुसरी रेकॉर्डरला लावली. उरलेल्या दोन कॅमेऱ्यांत रात्री दहाला त्याच डबीवरून टाइमकोड भरला, म्हणजे आमच्या भाषेत जॅम केला, आणि केबल काढून घेतली. घड्याळातली खरी वेळ हाच टाइमकोड ठेवला होता. साडेदहाला पालखीची प्रदक्षिणा निघाली, नाटक उभे राहायला बाराचा सुमार झाला, आणि धयकाला, म्हणजे शेवटचा दहीकाला, झाला तेव्हा उजाडले होते.

एडिटला बसलो तर टाइमलाइनवर नाटक आधी आणि पालखी नंतर, मधे सतरा तासांचे ओसाड माळरान. मागचा कॅमेरा सुरुवातीला बरोबर, पण पहाटे १९ फ्रेमने चुकलेला. बाजूचा कॅमेरा रात्री सव्वादोनपर्यंत चोख, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत २ सेकंद ७ फ्रेम मागे, ना कमी ना जास्त. मी अख्खा दिवस डबी तपासण्यात घालवला. डबीत काहीच बिघडलेले नव्हते.

हे आकडे मला काढता आले ते वीज कंपनीच्या कृपेने. रात्रभरात तीनदा दिवे क्षणभर गेले होते. दिवा विझतो तो सगळ्या कॅमेऱ्यांत एकाच क्षणी विझतो, कॅमेरा कितीही लांब असला तरी. अशी दिसणारी खूण आवाजापेक्षा कधीही भरवशाची. त्याचे कारण पुढे येईलच.

मध्यरात्र

हा सगळ्यात सोपा आजार आणि तोच पहिल्यांदा जीव घाबरा करतो. टाइमकोड हे चोवीस तासांचे घड्याळ आहे. २५ फ्रेमच्या शूटमध्ये २३:५९:५९:२४ नंतर ००:००:००:०० येते, आणि तारीख त्या आकड्यात नसते. सॉफ्टवेअरला साडेबारा ही वेळ साडेदहाच्या आधीची वाटते, आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. दोन दिवसांच्या लग्नातही हेच होते: पहिल्या दिवशीची दुपारी दोनची हळद आणि दुसऱ्या दिवशीचा दुपारी दोनचा मांडव एकावर एक येऊन बसतात. तिथे उपाय एवढाच की दिवसागणिक बिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले क्लिपांचे फोल्डर, वेगळे ठेवायचे आणि दोन दिवसांच्या क्लिपा एकत्र सिंकला लावायच्या नाहीत.

रात्रभराच्या कामात मात्र बिन वेगळे करून भागत नाही, कारण एखादी क्लिप नेमकी बारा ओलांडत असते. मी शेवटी सगळ्या क्लिपांच्या सुरुवातीच्या टाइमकोडमध्ये बारा तास मिळवले. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवी क्लिक, क्लिप ॲट्रिब्यूट्स, तिथे टाइमकोडचा टॅब. २२:३० चे १०:३० झाले, ००:१० चे १२:१०, आणि सगळे एका ओळीत आले. काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे असते.

आता रात्रीचे शूट असले की डबीच बारा तास मागे लावतो. साडेदहाला टाइमकोड १०:३० दाखवतो, आणि सहाय्यकाने मनगटावरचे काट्याचे घड्याळ बघून वहीत "१०:४५, संकासुर आला" असे लिहिले तरी ते जुळते. बारानंतर घोळ होतो, दोनला चौदा म्हणावे लागते, तेवढे चालवून घ्यायचे.

उडी मारणारी चूक

सव्वादोनला बाजूच्या कॅमेऱ्याची बॅटरी बदलली होती. वहीत नोंद होती, म्हणून सापडले. जॅम करून केबल काढली की पुढचा सगळा भार कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळावर असतो. बॅटरी निघाली की काही कॅमेरे ते घड्याळ चालू ठेवतात, काही अंदाजाने पुन्हा धरतात, आणि काही सरळ जिथे होते तिथून किंवा शून्यापासून सुरू करतात. आपला कॅमेरा काय करतो ते शूटच्या आधी घरी बघून ठेवावे. डबी लावा, जॅम करा, केबल काढा, बॅटरी काढा, दोन मिनिटे थांबा, परत घाला, आणि डबीशेजारी ठेवून आकडे वाचा. पाच मिनिटांचे काम आहे.

उडीची आणखी दोन कारणे नेहमी भेटतात. कॅमेरा फ्री रनऐवजी, म्हणजे टाइमकोड सतत चालू ठेवण्याऐवजी, रेक रनवर राहिलेला असतो. रेक रनमध्ये टाइमकोड फक्त रेकॉर्डिंग चालू असतानाच पुढे सरकतो, त्यामुळे प्रत्येक थांबण्याबरोबर चूक वाढत जाते, आणि वाढही थांबलात तेवढीच असते. चहाला दहा मिनिटे थांबलात तर दहा मिनिटांची उडी. दुसरे म्हणजे कुणीतरी मधेच स्लो मोशनचा मोड लावलेला असतो. शंभर फ्रेमने घेऊन पंचविसाने वाजवायच्या क्लिपला खऱ्या वेळेचा टाइमकोड असूच शकत नाही. एका सेकंदाचे चार सेकंद झाल्यावर तो कशाशी जुळणार? अशा क्लिपा सिंकच्या बिनमध्ये घालूच नका.

इलाज एकच, आणि तो खर्चाचा आहे: प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःची डबी, रात्रभर जोडलेली. तेवढ्या डब्या नसतील तर दर बॅटरीबदलानंतर आणि दर जेवणाच्या सुट्टीत पुन्हा जॅम.

हळूहळू वाढणारी चूक

इथे थोडे गणित लागते, पण तेच निदान करते.

कॅमेऱ्याचे घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. साध्या स्फटिकाची चूक दशलक्षात वीस ते पन्नास भागांपर्यंत असू शकते, आणि ती तापमानाबरोबर बदलते. दशलक्षात एक भाग म्हणजे तासाला ३.६ मिलिसेकंद. २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे वीस भागांनी चुकणारे घड्याळ तासाला जवळजवळ दोन फ्रेम सरकते, आणि दुसरा कॅमेरा तेवढाच उलट्या दिशेला चुकत असेल तर दोघांतले अंतर तासाला साडेतीन फ्रेमच्या पुढे जाते. माझा मागचा कॅमेरा सात तासांत १९ फ्रेम चुकला, तासाला पावणेतीन. स्फटिकाच्या मर्यादेत अगदी बसणारी चूक. कॅमेरा बिघडलेला नव्हता, फक्त त्याला रात्रभर एकटे सोडले होते. डब्यांमध्ये तापमानाची भरपाई करणारा स्फटिक असतो, म्हणून चांगली डबी दिवसभरात फ्रेमभरही सरकत नाही. पैसे त्याचेच असतात.

दुरुस्ती करताना क्लिपचा वेग बदलायच्या भानगडीत पडू नका. अर्ध्या तासाच्या क्लिपमध्ये चूक सव्वा फ्रेमने वाढते, म्हणजे प्रत्येक क्लिप आपापल्या जागी एकदा सरकवली की ती पूर्ण लांबीभर चालते. क्लिप दोन तासांची असेल तर मधल्या एखाद्या कटवर चिरून उरलेला भाग दोन-तीन फ्रेम सरकवा. कट दुसऱ्या कॅमेऱ्यावर असताना चिरा, म्हणजे कुणाला दिसत नाही.

आता दुसरी शक्यता. चूक वाढतेय, पण तासाला दोन-तीन फ्रेम नव्हे तर साडेतीन सेकंदांच्या आसपास. हा आकडा दिसला की स्फटिक सोडा आणि फ्रेमरेट बघा. ३.६ सेकंद म्हणजे एका तासाचा बरोबर हजारावा भाग. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्ही आला तेव्हा त्यांनी ३० फ्रेमचा वेग १००१ ला १००० या प्रमाणात किंचित कमी केला, तेव्हापासून २९.९७ आणि त्याचे भावंड २३.९७६ आपल्या मागे लागले आहेत. एक कॅमेरा खऱ्या २४ वर आणि दुसरा २३.९७६ वर असेल तर तासाला हीच चूक येते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूत "२४ पी" असे लिहिलेले असते आणि आत २३.९७६ असते, हे विशेष छळते. परदेशातून आणलेला किंवा भाड्याने आलेला कॅमेरा एनटीएससीवर, म्हणजे त्या अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीवर, राहिलेला असला तरी हेच होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ फ्रेम आणि एक पन्नासांश शटर ठेवले की ट्यूबलाइटही लुकलुकत नाही आणि ड्रॉप फ्रेमची कटकटही उरत नाही. सिनेमाला २४ हवे असेल तर सगळ्यांनी २४, डबी आणि रेकॉर्डरसकट.

ड्रॉप फ्रेमचे नाव घेतलेच आहे तर एवढे सांगतो: त्यात एकही चित्र गाळले जात नाही. २९.९७ चा टाइमकोड खऱ्या घड्याळाशी जुळावा म्हणून दर मिनिटाला पहिले दोन क्रमांक गाळतात, दहाने भाग जाणारी मिनिटे सोडून. तासाला १०८ क्रमांक, म्हणजे तेच ३.६ सेकंद. अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव पुण्यात एडिटला येतो तेव्हा हे लागते. सेकंद आणि फ्रेम यांच्यामध्ये अर्धविरामाचे चिन्ह दिसले तर ड्रॉप, दोन टिंबे दिसली तर नॉन-ड्रॉप. एका कॅमेऱ्यावर हे आणि दुसऱ्यावर ते असेल तर सिंक बसणार नाही.

मोबाइलचे फूटेज आले असेल तर आधी त्याचा फ्रेमरेट स्थिर आहे का ते तपासा. पुष्कळ फोन उजेडाप्रमाणे फ्रेमरेट कमीजास्त करत राहतात. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ करून घेतल्याशिवाय मी असली क्लिप टाइमलाइनवर येऊ देत नाही.

कायम सारखी, पण छोटी चूक

"पूर्ण नाटकभर दीड फ्रेमचा फरक आहे, टाइमकोड चुकतोय." हे ऐकले की मी विचारतो, कॅमेरा रंगमंचापासून किती लांब होता?

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ४० मिलिसेकंदांत, म्हणजे एका फ्रेममध्ये, पावणेचौदा मीटर. देवळाच्या कट्ट्यावरचा माझा कॅमेरा रंगमंचापासून वीस मीटरवर होता. राजाने तलवारीवर तलवार मारली तर ठिणगी कॅमेऱ्याला लगेच दिसते, पण खणखणाट कॅमेऱ्याच्या माइकला दीड फ्रेम उशिरा ऐकू येतो. रेकॉर्डरला मात्र रंगमंचावर टांगलेल्या माइकचा आवाज लगेच मिळालेला असतो. आता हे दोन आवाज एकावर एक ठेवून पाहिले तर दीड फ्रेमचा फरक दिसणारच. चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज बरोबर जुळलेले आहेत, उशीर कॅमेऱ्याच्या माइकला झालाय.

मागचा कॅमेरा वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, सिंक करणाऱ्यांची गंमत इथेच होते. सॉफ्टवेअर आवाज आवाजाशी जुळवते आणि चित्र दीड फ्रेम आधी आणून ठेवते. पखवाजाच्या थापेवर हात आधी पडतो, आवाज मग येतो. दशावतारात तर आणखी एक अडचण आहे: पेटी, पखवाज आणि झांजेचा तोच ठेका तासन्‌तास चालतो, म्हणून वेव्हफॉर्मचे गणित कधीकधी एक आवर्तन मागेपुढे जाऊन बसते आणि मोठ्या आत्मविश्वासाने चूक जुळवते. लांबचा कॅमेरा नेहमी टाइमकोडवर, आणि तपासणी दिसणाऱ्या खुणेवर.

फरक एक फ्रेम किंवा त्याहून कमी असेल तर तिथे थांबा. टाइमकोड प्रत्येक फ्रेमला क्रमांक देतो, पण दोन कॅमेऱ्यांची फ्रेम एकाच क्षणी उघडेल याची हमी देत नाही. ती हमी जेनलॉक देतो, आणि तो लाइव्ह स्विचिंगला किंवा मोठ्या एलईडी भिंतीसमोर शूट करताना लागतो. जत्रेला लागत नाही.

टाइमकोडच सापडत नाही

स्वस्त कॅमेऱ्यांना टाइमकोडचे इनपुट नसते. तिथे डबीचा सिग्नल माइकच्या भोकात देऊन आवाजाच्या पट्टीवर रेकॉर्ड करतात आणि एडिटला आल्यावर सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात. रिझॉल्व्हमध्ये "अपडेट टाइमकोड फ्रॉम ऑडिओ ट्रॅक". सॉफ्टवेअरला काही वाचताच येत नसेल तर ती पट्टी कानाने ऐका. जुन्या फॅक्ससारखा कर्कश, एकसारखा आवाज यायला हवा. फाटका येत असेल तर लेव्हल जास्त झाली आहे: डबीवर माइक लेव्हल निवडा, कॅमेऱ्यावर ऑटो बंद करून हाताने उणे बारा डेसिबलच्या खाली ठेवा, वाऱ्याचा फिल्टर बंद करा. काहीच ऐकू येत नसेल तर बहुधा केबल चुकीची आहे. मोबाइलच्या हेडफोनची तीन पट्ट्यांची पिन आणि माइकची दोन पट्ट्यांची पिन लांबून सारख्याच दिसतात. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट कॅमेऱ्यांत हा प्रश्न येत नाही, त्यांना माइकच्याच भोकातून टाइमकोड दिला की ते ओळखून घेतात.

एक किरकोळ पण चिडवणारी गोष्ट. टाइमकोड डाव्या पट्टीवर आणि कॅमेऱ्याचा माइक उजव्यावर ठेवला तर कधीकधी टाइमकोडची किरकिर उजवीकडे झिरपते. एका फ्रेमला ८० बिट, २५ फ्रेमला सेकंदाला २००० बिट. त्याचा आवाज १००० ते २००० हर्ट्झच्या मधे पडतो, आणि माणसाचा कान तिथे चांगलाच तिखट असतो. लेव्हल कमी केली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. नाही मिटला तर तो आवाज फक्त संदर्भासाठी ठेवा.

तिसरी आणि चौथी डबी मी पुढच्या हंगामाच्या आधी घेतली. त्या वर्षी पुन्हा त्याच पट्ट्यातली जत्रा. पालखी निघायच्या आधी चारही डब्या एकत्र ठेवून जॅम केल्या, कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरला बांधल्या, आणि तिन्ही कॅमेरे एकाच मोबाइलच्या पडद्यावर रोखून मिनिटभर रोल केले. बॅटऱ्या पाच वेळा बदलल्या. पहाटे धयकाला झाल्यावर क्लॅपची पाटी सापडेना, म्हणून राजाचे काम करणाऱ्या कलावंतालाच मुकुट काढता काढता रंगमंचाच्या कडेला उभे करून एक टाळी मारायला लावली. "आता कित्या?" म्हणत त्याने मारली. एडिटला त्या टाळीवर हात मिटताना समोरचा आणि बाजूचा कॅमेरा एकाच फ्रेममध्ये, मागचा एक फ्रेम अलीकडे, आणि रेकॉर्डरचा आवाज हातावर.